दोन किलोमीटरची रेघ

पहाटे साडेपाचला, जांबुघोड्याच्या रानात,
आम्ही नकाशावरची रेघ चालायला घेतो.
सरळ जायचं, असं प्रपत्रात लिहिलंय.
देसिंगभाई राठवा हसतो :
सरळ फक्त पाणी जातं, बेन, तेही पडताना.
मध्ये बांबूचं बेट आहे, कोरडा नाला आहे,
आणि गेल्या साली मधमाश्या उठल्या तो कडा.
आम्ही वळसा घेतो.
माझ्या वहीत रेघ सरळच राहते.

दर दोनशे मीटरला थांबायचं,
दहा पावलांच्या वर्तुळात काय पडलंय ते बघायचं.
साळिंदराचा काटा, अर्धा.
नीलगाईच्या लेंड्या एकाच जागी ढीगभर,
रोज त्याच वेळी कचेरीत हजर व्हावं तशी येत असणार.
अस्वलाची विष्ठा, त्यात टेंभुर्णीच्या बिया,
धुऊन पेरल्या तर रुजतील इतक्या धडधाकट.
मी मोजपट्टी लावते. देसिंगभाई वाकून वास घेतो.
परवाची, म्हणतो. मादी. सोबत पिल्लू.
रकाना विचारतो : पुरावा कोणता?
मी लिहिते : विष्ठा, व्यास साडेचार सेंटिमीटर.
वासाला रकाना नाही.
पिल्लालाही नाही, त्याने अजून काही मागे ठेवलं नाही म्हणून.

तरसाला इथे चार नावं.
आईच्या तोंडी तरस,
वनखात्याच्या फलकावर झरख,
लॅटिन नाव मला झोपेतही बिनचूक लिहिता येतं,
आणि देसिंगभाई अंधार पडल्यावर नावच घेत नाही,
हनुवटीने दिशा दाखवून म्हणतो, पेलो लंगडो.
चार नावांनी प्रजाती चार होत नाहीत
हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत.
पण रात्री तंबूबाहेर ते हसल्यासारखं ओरडलं
तेव्हा चौघंही आले होते, असं मला वाटलं.

अठरा कॅमेरे, तेहेतीस रात्री.
चित्रं बघते बडोद्याला, दांडिया बाजारातल्या खोलीत,
खालच्या फरसाणवाल्याची कढई थंडावल्यावर.
गवत.
गवत.
वाऱ्याने हललेलं गवत.
बिबट्याची शेपूट, उरलेला बिबट्या चौकटीबाहेर.
जवादी मांजर, नाक थेट काचेला, अगदी शेजारीण.
पुन्हा गवत.
मग कॅमेरा अकरा, पहाटे तीन चाळीस :
टिमरूची पानं खुडायला निघालेल्या दोघी,
एकीच्या पाठीला झोपलेलं मूल,
मुलाचा एक पाय झोळीबाहेर, तळवा पांढराशुभ्र उजळलेला.
हद्दीच्या आत. नियमाने हे चित्र कचेरीत द्यायचं.
मी ते 'गवत' नावाच्या कप्प्यात टाकलं
आणि खिडकी लावून घेतली.
कशासाठी लावली, माहीत नाही. बाहेर कुणी नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसलेला प्राणी मीच.
अठ्ठावन्न चित्रं.
गुडघ्यावर बसून बॅटऱ्या बदलणारी, घामेजलेली,
एकात तर मी कॅमेऱ्याशी बोलतेय,
काय म्हणत होते ते चित्रात येत नाही.
मला वगळून सस्तन प्राणी एकवीस.
देसिंगभाईला फोनवर आकडा सांगितला.
तो जरा थांबला, म्हणाला, बावीस असते,
पण खवल्याला कुणी आठ वर्षं बघितलं नाही,
म्हणून तो नाही असं नका लिहू.
मी तिथे एक आडवी रेघ मारली.
शून्य नाही. रेघ.

अहवाल देऊन घरी येताना
काळ्या घोड्याच्या पुलावर गर्दी थांबलेली.
खाली विश्वामित्रीत, कमाटीबागेच्या कडेला,
बॅटरीच्या उजेडात दोन लाल ठिपके.
एक मुलगा ओरडला, केवडो मोटो!
डोळ्यांमधलं अंतर बघून
मी सवयीने म्हटलं, अडीच मीटर.
सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.
ही नदी कुठल्याच अभयारण्यात येत नाही,
इथला आकडा मला कुणी मागितलेला नाही.
ठिपके विझले. पाणी सांडपाण्याचं, तेच.
मी पर्समध्ये पेन्सिल शोधत
अजून जरा वेळ उभी राहिले.